गावाचा तिसरा हिस्सा : बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळ आणि लोकांचे स्वयंस्फूर्त कार्य



ज्या गुरुजनांच्या स्मृत्यर्थ आपण ही व्याख्यानमाला चालवीत आहात, त्यांनी आपले आयुष्य शाळा आणि शाळेभोवतीचा समाज यांच्यासाठी वेचले. अशा प्रसंगी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र सांगण्याची प्रथा आहे. मी आज थोडी निराळी वाट धरणार आहे. बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळीचे नाव घेतले की श्रीमंत सयाजीराव महाराजांचे स्मरण होते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या चळवळीत एक घटक असा होता की ज्याचे नाव ग्रंथांत क्वचितच येते. तो घटक म्हणजे खेडेगावातील आणि लहान कसब्यातील सामान्य माणूस. त्याने वर्गणी गोळा केली, खोली मिळवली, कपाट करून घेतले आणि दिवसाचे आपले काम आटोपून संध्याकाळी ग्रंथालयाचे दार उघडले. या माणसाने नेमके काय केले, त्याच्या कार्याला राज्यकर्त्यांनी कोणती जोड दिली आणि त्या कार्याच्या मर्यादा कोणत्या होत्या, या तीन प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे.

पार्श्वभूमी

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी झाला. १८७५ साली ते बडोद्याच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतकरी कुटुंबातील या मुलाला थोड्या वर्षांत मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषा शिकाव्या लागल्या. अक्षरओळख हे सहज मिळणारे वरदान नाही, हे ज्यांना स्वानुभवाने कळले असे राज्यकर्ते इतिहासात थोडेच सापडतील. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभाराची सूत्रे हाती आल्यानंतर त्यांनी शिक्षणाकडे जे लक्ष पुरवले, त्यामागे या अनुभवाचा वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे.

१८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू करण्यात आला. हे पाऊल मोठे होते. पण त्यातूनच एक नवा प्रश्न उभा राहिला. मूल चार-पाच इयत्ता शिकते, शाळा सोडते आणि शेतात किंवा दुकानात कामाला लागते. त्यानंतर त्याच्या हाती पुस्तक पडतच नाही. काही वर्षांत शिकलेली अक्षरे पुसट होतात आणि शाळेवर झालेला खर्च वाया जातो. १९११ साली संस्थानाची लोकसंख्या सुमारे वीस लाख होती आणि साक्षरांचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास होते. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला वाचायला काही मिळाले नाही, तर हे प्रमाण वाढणार कसे? शाळेच्या पुढची पायरी म्हणून ग्रंथालयाचा विचार पुढे आला, तो या गरजेपोटी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मराठी मुलखाला ग्रंथालये नवीन नव्हती. रत्नागिरी येथे १८२८ साली, अहमदनगर येथे १८३८ साली, नाशिक येथे १८४० साली, तर पुणे आणि बेळगाव येथे १८४८ साली ग्रंथालये निघाली होती. त्यांनी नवशिक्षित पिढी घडविण्यात मोलाचा भाग घेतला. तथापि ही ग्रंथालये बहुतांशी जिल्ह्याच्या ठिकाणची आणि वर्गणीदारांची होती. वर्गणी भरील तो वाचील, हा त्यांचा नियम. खेड्यातील शेतकऱ्याला, शाळा सोडलेल्या मुलाला किंवा घरातील स्त्रीला तेथे प्रवेश करण्याचे कारणच नव्हते. बडोद्यात जे घडले त्याचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते.

मोतीभाई अमीन आणि मित्रमंडळे

१९०६ साली सयाजीराव अमेरिकेस गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून ते प्रभावित झाले आणि १९१० साली त्यांनी न्यू हेवन येथील अनुभवी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास आणले. इतिहासाची पुस्तके चळवळीचा आरंभ बहुधा येथून करतात. परंतु कालानुक्रम काटेकोरपणे पाहिला तर चित्र थोडे बदलते.

बॉर्डन येण्यापूर्वी चार वर्षे, १९०६ सालीच, संस्थानाच्या चरोतर भागात मोतीभाई अमीन नावाच्या शिक्षकाने काम सुरू केले होते. १८७३ साली जन्मलेले मोतीभाई वसो या गावचे. विद्यार्थ्यांमध्ये वाचनाची गोडी लावणे हा त्यांचा ध्यास होता. गावोगावच्या तरुणांची मित्रमंडळे स्थापन करावीत, त्यांनी आपसांत थोडे पैसे जमवून वर्तमानपत्रे, मासिके आणि काही पुस्तके घ्यावीत आणि ती गावाला खुली ठेवावीत, अशी त्यांची योजना होती. या कामासाठी इमारत लागत नव्हती. पगारी नोकर लागत नव्हता. लागत होते ते चार-दोन उत्साही तरुण आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारा एक शिक्षक. ‘मित्रमंडळ पुस्तकालय’ या नावाने ही छोटी वाचनालये गुजराती खेड्यांत रुजू लागली.

म्हणजे बॉर्डन बडोद्यास आले, तेव्हा त्यांच्यासमोर ओसाड माळ नव्हता. काही रोपे आधीच उगवलेली होती. महाराजांचे आणि त्यांच्या अधिकाऱ्यांचे मोठेपण असे की त्यांनी ही रोपे उपटून नवी बाग लावली नाही. मोतीभाईंनाच नव्या ग्रंथालय खात्यात घेण्यात आले आणि पुढे ग्रामीण ग्रंथालयांचा विभाग त्यांच्याकडे आला. लोकांनी सुरू केलेल्या कामाला राज्याने आपल्या व्यवस्थेत जागा करून दिली.

तीन हिश्श्यांची योजना

आता या व्यवस्थेच्या गाभ्याकडे वळू. शहर, कसबा आणि खेडे असा ग्रंथालयांचा क्रम लावण्यात आला. बडोदे शहरात मध्यवर्ती ग्रंथालय स्थापन झाले. त्याच्या पायाशी महाराजांनी आपल्या राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथांचा संग्रह ठेवला. बॉर्डन यांनी १९११ साली ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग काढला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. १९१३ साली बॉर्डन स्वदेशी परतले. त्यानंतर हे काम जनार्दन सखाराम कुडाळकर, न्यूटन मोहन दत्त आदींनी पुढे नेले.

खेड्यांसाठीचा नियम मात्र साधा आणि विलक्षण होता. गावाने ग्रंथालयासाठी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच संस्थानच्या सरकारने द्यावी. या साहाय्यास मर्यादा होत्या. खेड्याला प्रत्येकाकडून वर्षाला शंभर रुपयांपर्यंत, कसब्याला तीनशे रुपयांपर्यंत आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणाला सातशे रुपयांपर्यंत मदत मिळे. ग्रंथालयाची इमारत बांधावयाची असल्यास तेथेही हीच तीन हिश्श्यांची पद्धत लागू होती.

या नियमाचे गणित बारकाईने पाहण्यासारखे आहे. गावाने एक रुपया काढला की त्याचे तीन होत. शंभर रुपये जमले की ग्रंथालयाच्या हाती तीनशे येत. त्यामुळे वर्गणी मागणाऱ्याला दारोदार सांगता येई की, तुमचा रुपया एकटा जाणार नाही, तो दोन सोबती घेऊन येईल. पण याची दुसरी बाजूही होती. गावाने एक रुपया कमी जमवला तर ग्रंथालयाचे तीन रुपये बुडत. आळस केला तर त्याची किंमत तिप्पट मोजावी लागे. सरकारी मदत ही बसल्या जागी मिळणारी खिरापत नव्हती. दरवर्षी गावाला आपल्या इच्छेचा पुरावा द्यावा लागे.

अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी यांनी ग्रंथालयांना देणग्या देताना अशीच एक अट घातली होती. गावाने जागा द्यावी आणि इमारतीसाठी मिळालेल्या रकमेच्या एक दशांश इतका वार्षिक खर्च करण्याची हमी द्यावी, असा त्यांचा दंडक होता. दोन्ही योजनांत गावाला जबाबदार धरलेले दिसते. फरक असा की कार्नेगींचे दान प्रामुख्याने इमारतीपुरते आणि एकदाच दिलेले होते, तर बडोद्याचा हिस्सा वर्षानुवर्षे चालणारा होता.

या योजनेचे फळ लवकरच दिसू लागले. पहिल्या काही वर्षांतच शेकडो गावांत ग्रंथालये निघाली आणि १९४० च्या सुमारास त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली होती. एवढ्या ग्रंथालयांना सरकारने पगारी ग्रंथपाल नेमले असते तर खजिना पुरला नसता. गावातील ग्रंथालय चालले ते बहुतांशी बिनपगारी किंवा अल्प मोबदल्यावर काम करणाऱ्या माणसांवर आणि त्यांत प्राथमिक शाळेचा शिक्षक अग्रभागी होता. शिक्षक असलेल्या किंवा शिक्षकाच्या घरात वाढलेल्या प्रत्येक श्रोत्याला याचा अर्थ सांगण्याची गरज नाही.

पेटीतले ग्रंथालय आणि पडद्यावरचे चित्र

ज्या गावाला स्वतःचे ग्रंथालय काढणे शक्य नव्हते, त्याच्यासाठी फिरत्या पेट्यांची सोय १९११ पासून करण्यात आली. मजबूत लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरून ती रेल्वेने किंवा मिळेल त्या वाहनाने पाठवीत. येण्याजाण्याचा खर्च खाते करी. पुस्तके वाचून झाली की पेटी परत जाई आणि दुसरी येई. पेटी ताब्यात घेणारा, पुस्तके वाटणारा आणि मोजून परत पाठविणारा मात्र गावातलाच कोणीतरी असावा लागे. म्हणजे येथेही एक विश्वासू माणूस ही पहिली अट होती.

दुसरी व्यवस्था होती दृश्य शिक्षणाची. मॅजिक लँटर्न, त्रिमितीची चित्रे आणि पुढे चलच्चित्रे घेऊन खात्याची माणसे गावोगाव जात. गावच्या चौकात किंवा शाळेच्या अंगणात पडदा लावला की ज्यांना एकही अक्षर येत नव्हते तेही गोळा होत. खेड्यात ज्या काळी करमणूक म्हणजे जत्रा, कथाकीर्तन आणि भवाई, त्या काळी ही एक नवीनच गोष्ट होती. पडद्यावरचे चित्र पाहून ज्याचे कुतूहल जागे होई, त्याला दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाचा दरवाजा दाखवता येई. निरक्षरालाही ग्रंथालयाशी जोडून घेण्याचा हा प्रयत्न दूरदृष्टीचा होता.

वाचायला द्यायचे काय, हाही प्रश्न होता. गुजराती आणि मराठीत सामान्य वाचकाला रुचतील अशी ज्ञानाची पुस्तके थोडी होती. त्यासाठी महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी काढून ठेवला आणि त्यातून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ व मुलांसाठी ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ या ग्रंथमाला निघाल्या. आपण महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेली मराठी माणसे सयाजीरावांना अभिमानाने आपले म्हणतो. तेव्हा हेही लक्षात ठेवावे की या राजाने खेड्यातल्या ग्रंथालयांत गुजराती पुस्तकांना मानाचे स्थान दिले, कारण तेथील प्रजेची भाषा गुजराती होती. राज्यकर्त्याची भाषा मराठी असूनही वाचकाची भाषा प्रमाण मानण्यात आली. ज्या भूमीत आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तिच्या भाषेची सेवा आणि आपल्या भाषेचे जतन ही परस्परविरोधी कामे नाहीत, हा धडा आपल्यासारख्या समाजांना आजही उपयोगी आहे.

‘लोक’ म्हणजे कोण?

येथवर मी या चळवळीची उजळ बाजू मांडली. परंतु स्मारक व्याख्यान म्हणजे स्तुतिपाठ नव्हे. ‘लोकांनी वर्गणी काढली’ असे आपण म्हणतो, तेव्हा हे लोक कोण, हा प्रश्न टाळून चालणार नाही.

ज्याच्याकडे देण्यासारखा रुपया होता, तोच आधी वर्गणीदार झाला हे उघड आहे. चरोतर हा सुपीक, तंबाखूच्या पिकाने सधन झालेला प्रदेश. तेथील पाटीदार समाजात शिक्षणाची ओढ होती आणि मोतीभाईंसारखे कार्यकर्ते होते. जेथे पैसा आणि कार्यकर्ते दोन्ही होते, तेथे तिसरा हिस्सा लवकर जमला आणि सरकारी दोन हिस्सेही लवकर आले. जेथे दोन्ही नव्हते, अशा आदिवासी भागात आणि गरीब गावांत ही योजना आपोआप पोहोचू शकत नव्हती. समान नियम लावला तरी त्याचे फळ समान मिळत नाही; आधीच थोडे पुढे असलेल्याला तो आणखी पुढे नेतो. फिरत्या पेट्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली, पूर्णपणे नाही.

याहून कठीण प्रश्न अस्पृश्यतेचा. संस्थानने अंत्यजांसाठी शाळा काढल्या होत्या. सरकारचा हेतू सर्वांना ज्ञान देण्याचा होता याविषयी शंका नाही. पण गावातले ग्रंथालय जेथे असे, ती शाळा, चावडी किंवा धर्मशाळा सर्वांना सारखी खुली असेलच, याची हमी सरकारी आदेश देऊ शकत नव्हता. ती हमी गावच देऊ शकत होते.

या संदर्भात एक घटना आठवल्याशिवाय राहत नाही. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी ते १९१७ साली बडोद्यास परतले. ज्या शहरात मध्यवर्ती ग्रंथालय मोठ्या थाटात चालले होते आणि जेथून खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या रवाना होत होत्या, त्या शहरात या विद्वानाला भाड्याने राहण्यास जागा मिळाली नाही. एका पारशी सराईत त्यांनी आसरा घेतला, तेथूनही जमावाने त्यांना बाहेर काढले आणि अखेर त्यांना बडोदे सोडावे लागले. राजाने शिष्यवृत्ती दिली होती. समाजाने छप्पर दिले नाही.

मी ही घटना महाराजांना किंवा त्या काळच्या ग्रंथालय सेवकांना दोष देण्यासाठी सांगत नाही. ती सांगण्याचे कारण असे की, आजच्या विषयाचा खरा कस येथेच लागतो. लोकांच्या सहभागाने संस्था उभी राहते हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्या लोकांच्या मनात जी दरी असते ती संस्थेतही उतरते. वर्गणीच्या यादीत किती नावे आहेत हे पाहणे सोपे असते. कोणाची नावे नाहीत आणि ती का नाहीत, हे पाहणे कार्यकर्त्याचे अधिक महत्त्वाचे काम आहे.

पुढचा प्रवास

१९३९ सालच्या फेब्रुवारीत सयाजीराव महाराजांचे मुंबईत निधन झाले. त्याच वर्षी मोतीभाई अमीनही गेले. राजा आणि शिक्षक, दोघेही एकाच वर्षी या कार्यातून कायमचे निघून गेले. पुढे दहा वर्षांनी, १ मे १९४९ रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली हा प्रदेश गुजरात राज्यात आला. तीन हिश्श्यांतील एक हिस्सेदार, म्हणजे संस्थानचे सरकार, इतिहासजमा झाले.

पुढे ग्रंथालयांना कायद्याचा आधार देण्याचे युग आले. कोल्हापूर संस्थानने १९४५ साली, मद्रास प्रांताने १९४८ साली आणि महाराष्ट्राने १९६७ साली ग्रंथालयविषयक कायदे केले. ज्या भूमीत ही चळवळ प्रथम बहरली त्या गुजरातमध्ये असा कायदा होण्यास २००१ साल उजाडले. कायद्याने अनुदानाला स्थैर्य येते आणि ते आवश्यकच आहे. परंतु कायदा ग्रंथालयाचे दार संध्याकाळी उघडू शकत नाही. बडोद्याच्या योजनेत गावाचा हिस्सा प्रथम होता आणि सरकारचा नंतर. हा क्रम जेथे उलटतो तेथे गाव हिस्सेदार न राहता अर्जदार होते. मग अनुदान आले नाही की कपाटाला कुलूप लागते आणि कुलूप लागल्याचे कोणाला फारसे दुःखही होत नाही, कारण त्या कपाटात कोणाचाच रुपया नसतो.

आपल्या शाळांचा इतिहास पाहिला तर तो या विवेचनाच्या जवळचाच आढळेल. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवा अशा ठिकाणी ज्या मराठी शाळा व वाचनालये उभी राहिली, त्यांतील कितीतरी अशाच मूठमूठ वर्गणीतून आणि फावल्या वेळच्या श्रमांतून उभी राहिली. आज येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण दूरच्या शहरांत, कोणी परदेशांतही स्थायिक झाले आहेत. त्यांच्याकडून देणग्या येतात, त्याबद्दल संस्था कृतज्ञ असते. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की त्यांनी देणगीसोबत एक प्रश्नही पाठवावा : आपल्या शाळेच्या ग्रंथालयाचा दरवाजा आज कोण उघडते आणि त्यातून आत येण्यास अद्याप कोण बिचकते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यास मदत करावी आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत तो विचारीत राहावा.

एका शतकापूर्वी चरोतरातल्या काही तरुणांनी पदरचे पैसे घालून वर्तमानपत्र मागवले आणि ते गावासाठी खुले ठेवले. राजाने त्या कामाची योग्यता ओळखली, हे त्याचे भाग्य आणि प्रजेचेही. आज राजे नाहीत. प्रांत पंचायती नाहीत. उरला आहे तो गावाचा तिसरा हिस्सा आणि तो आपल्याच हाती आहे.